क्रिप्टो ॲपवाल्यांनो, ‘बाय’च्या पुढची बटणं कुठं लपवलीत?

क्रिप्टो एक्सचेंज चालवणारे, त्यांची ॲप बनवणारे आणि कुठलं बटण कुठं ठेवायचं हे ठरवणारे सगळे, यांना

नमस्कार.

मी तुमचा एक छोटा ग्राहक. छोटा म्हणजे अगदीच छोटा, तुमच्या हिशेबात पॉइंटनंतर चार-पाच शून्यं संपली की मग कुठेतरी माझा आकडा सुरू होतो. पगार झाला की थोडे पैसे बाजूला काढायचे आणि त्यातले अगदी थोडे, म्हणजे उद्या गेले तरी घरात भांडण होणार नाही एवढेच, बिटकॉइनमध्ये टाकायचे, एवढाच आपला संबंध. मी ट्रेडर नाही, मला कोडिंग येत नाही, ब्लॉकचेन जग बदलणार का यावर माझं काही मत नाही आणि ते कोणी विचारतही नाही. पण आतापर्यंत चार वेगवेगळी ॲप वापरून झाली, ऑफिसमधल्या तिघांना खातं उघडून दिलं, त्यातल्या एकाचे पैसे माझ्या डोळ्यांदेखत अडकले आणि त्याला सल्ला देणारा मीच होतो, म्हणून आज बसून हे लिहितोय. नाव कुणाचंच घेत नाही कारण याबाबतीत तुम्ही सगळे सख्खे भाऊ आहात.

तक्रार अशी की ‘बाय’ म्हणजे विकत घ्यायचं बटण तुम्ही एवढं मोठं आणि गुळगुळीत केलंय की झोपेतसुद्धा दाबलं जाईल, आणि त्यानंतर जे जे लागतं, म्हणजे नक्की किती कापले, बाहेर कसं काढायचं, चावी, म्हणजे नाणी हलवायचा गुप्त कोड, कुणाकडे आहे, अडकलं तर बोलायचं कुणाशी, ते सगळं इतकं आत नेऊन ठेवलंय की माणूस तिथं पोचेपर्यंत काहीतरी घालवून बसलेला असतो.

पहिल्या रात्रीचंच सांगतो. केवायसी करायला बसलो. कार्डाचा फोटो काढा, आता चेहरा गोलात आणा, डावीकडे वळा, उजवीकडे वळा, डोळे मिटा, उजेड कमी आहे, परत करा. बाथरूममधला दिवा सगळ्यात चांगला म्हणून रात्री अकरा वाजता बाथरूममध्ये उभं राहून मान फिरवत होतो, मुलगी दारात येऊन बघून गेली, काही बोलली नाही. कार्डावर वडिलांचं नाव पूर्ण आणि बँकेत नुसतं इनिशियल, तेवढ्यावरून दोन दिवस अडकलं. ठीक आहे, ओळख तपासायचीच, पैशाचा मामला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. गंमत ही की एवढी कडक तपासणी फक्त माझी झाली, समोरून माझ्या पैशाचं काय होणार हे सांगायची पाळी आली तेव्हा एक चौकोन होता, ‘मी सर्व अटी वाचल्या आहेत’, आणि त्यावर टिक केली की दार उघडलं.

मग घेतलं. समजा १०० टाकले. लगेच स्क्रीनवर कागदाचे रंगीत तुकडे उडाले, अभिनंदन वगैरे, आणि खाली शिल्लक बघतो तर साडेसत्त्याण्णव. मला वाटलं एका मिनिटात मार्केट पडलं. चार्ट बघितला तर हललेलासुद्धा नाही. अर्धा तास शोधल्यावर कळलं की चार्टवर दिसतो तो मधला भाव, घेणाऱ्याला त्याच्या जरा वरचा भाव लावता, विकणाऱ्याला जरा खालचा, आणि या दोघांमधलं अंतर तुमच्या खिशात जातं. त्याला स्प्रेड म्हणतात. वर मोठ्या अक्षरात ‘शून्य फी’ लिहिलेलं, आणि खोटं नाहीच ते, फी शून्यच आहे. घ्या ना पैसे, धंदा आहे तुमचा, फुकट कुणी करत नाही. पण ‘१०० देताय, आत्ताच्या आत्ता परत विकलं तर साधारण पंच्याण्णव हातात येतील’ एवढी एक ओळ बटणाच्या वर लिहायला काय होतं?

आणि याच्यापेक्षा जास्त राग कशाचा आला सांगू? तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडे त्याच ॲपमध्ये दुसरी स्क्रीन असते, ‘प्रो’ किंवा ‘ॲडव्हान्स्ड’ नावाची, जिथं घेणारे-विकणारे समोरासमोर दिसतात, ऑर्डर बुक असतं, तिथं तीच वस्तू बऱ्याच कमी खर्चात मिळते. तिथं लिमिट ऑर्डर लावता येते, म्हणजे मी अमुक भावालाच घेणार, नाहीतर राहू दे. हे काही रॉकेट सायन्स नाही, भाजी घेताना आपण हेच करतो. पण नाव दिलंय ‘प्रो’, आत गेलं की लाल-हिरवे आकडे अंगावर येतात, नवीन माणूस घाबरून परत साध्या स्क्रीनवर येतो आणि ज्याला सगळ्यात कमी कळतं तोच सगळ्यात महाग घेतो. ऑफिसमधल्या तिघांना मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं, त्या स्क्रीनवर जा, दोन खोकी आहेत, एकात भाव आणि एकात किती ते, बाकी सगळ्याकडे दुर्लक्ष कर. पाच मिनिटं लागली. तुमच्या डिझाइनरला जमणार नाही असं थोडीच आहे.

‘एक बिटकॉइन एवढा महाग, आपल्याला कुठे परवडतो’ हे मला किमान दहा जणांनी म्हटलं असेल. एका बिटकॉइनचे १० कोटी तुकडे होतात, त्या तुकड्याला सातोशी म्हणतात आणि चिल्लर टाकूनसुद्धा सुरुवात करता येते, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही, मग ते काय करतात, तुमची यादी भावाप्रमाणे लावतात आणि तळातलं काहीतरी उचलतात, पॉइंटनंतर सहा शून्यवालं, ‘स्वस्त आहे, एकवर गेलं तर करोडपती’. अरे पण ती नाणी बाजारात किती आहेत ते बघ ना. बिटकॉइन जास्तीत जास्त २ कोटी १० लाखच होणार, तेही हळूहळू, दर चार वर्षांनी नवीन निघायचा वेग अर्धा होतो, एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकमागे, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्यामागे, ३.१२५ निघतात. उलट डॉजकॉइन, जे २०१३ मध्ये थट्टा म्हणूनच सुरू झालं होतं, त्याची दरवर्षी ५०० कोटींहून जास्त नवीन नाणी निघतात आणि त्याला शेवट ठरवलेलाच नाही. म्हणजे एका नाण्याचा भाव बघून स्वस्त-महाग कळतच नाही, भाव गुणिले एकूण नाणी करायला लागतं. तो गुणाकार तुमच्याकडे तयार असतो, मार्केट कॅप म्हणून, पण तीन टॅप आत. बाहेर काय असतं तर ‘आज सगळ्यात जास्त वाढलेले’ अशी पट्टी.

नोटिफिकेशनचं तर बोलायलाच नको. वाढलं की फोन वाजतो, चढतंय, चढतंय, चुकवू नका. पडलं की शांतता. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन साधारण ६९ हजार डॉलरला टेकला होता आणि एका वर्षात १६ हजारांच्या खाली आला. ज्यांनी तेव्हा फोन वाजला म्हणून घेतलं ते वर्षभर कसे झोपले असतील. मी त्यासाठीच दर महिन्याला ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम एवढंच करतो, भाव बघतच नाही, आणि घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी तुमचा मेसेज येतो, फ्युचर्स ट्राय करा, शंभरपट लिव्हरेज, म्हणजे पुढच्या भावावर उसन्या पैशानं लावायची पैज. शंभरपट म्हणजे काय ते त्या मेसेजमध्ये नव्हतं म्हणून मीच सांगतो, भाव उलट्या दिशेला साधारण एक टक्का सरकला की लावलेले सगळे पैसे साफ. बिटकॉइन एक टक्का चहा ओतेपर्यंत सरकतो. ज्या माणसाला अजून लिमिट ऑर्डर माहीत नाही त्याच्या हातात हे देताय?

आता मुख्य दुखणं, पैसे बाहेर काढणं.

स्क्रीनवर जो आकडा दिसतो तो माझा बिटकॉइन नाही, तुम्ही मला देणं लागता याची ती नोंद आहे. हे मला खूप उशिरा कळलं. चाव्या तुमच्याकडे, माझ्याकडे पासवर्ड. २०१४ मध्ये माउंट गॉक्स नावाचं एक्सचेंज बुडालं तेव्हा साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचं त्यांनी सांगितलं, नंतर त्यातले दोनेक लाख सापडले, आणि लोकांना परतफेड सुरू व्हायला जुलै २०२४ उजाडला. दहा वर्षं! एफटीएक्स या दुसऱ्या एक्सचेंजचं तर कालपरवाचं, नोव्हेंबर २०२२, ८ तारखेला पैसे काढणं थांबवलं आणि ११ तारखेला दिवाळखोरीचा अर्ज. ग्राहकांचे पैसे आतल्या आत स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला वापरायला दिले होते, मालक सॅम बँकमन-फ्राइडला मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. त्या तीन दिवसांत लोकांच्या ॲपवर आकडा व्यवस्थित दिसत होता, फक्त निघत नव्हता. त्यानंतर तुमच्यातल्या काहींनी ‘आमच्याकडे एवढा साठा आहे, बघा’ म्हणून पुरावे छापायला सुरुवात केली, चांगलंय, पण साठा किती हे दाखवताना देणं किती हेही दाखवा, नाहीतर पाकिटातल्या नोटा दाखवून उधारी न सांगण्यासारखं आहे.

तर मी ठरवलं की थोडे साठले की आपल्या वॉलेटमध्ये, म्हणजे चावी आपल्याकडेच राहते अशा ॲपमध्ये, काढायचे. वॉलेट टाकलं, त्यानं बारा शब्द दाखवले. या शब्दांतूनच चावी तयार होते, २०४८ शब्दांची ठरलेली यादी असते त्यातले बारा, काही ठिकाणी चोवीस, क्रमासकट. ज्याच्याकडे शब्द त्याचे पैसे. आणि एवढ्या महत्त्वाच्या स्क्रीनवर सगळ्यात मोठं बटण कुठलं? ‘नंतर करा’. त्याच्याखाली ‘कॉपी’. म्हणजे ज्या गोष्टीचा स्क्रीनशॉट काढू नये, क्लिपबोर्डवर ठेवू नये, मेल करू नये, ती कॉपी करायची सोय तुम्हीच करून दिलीत. माझ्या एका सहकाऱ्यानं स्क्रीनशॉट काढला होता, तो आपोआप फोटोंबरोबर क्लाउडवर गेलेला. नशीब की वेळेत लक्षात आलं, नवीन वॉलेट करून सगळं हलवलं. मी वहीच्या पानावर पेनानं लिहिले, क्रमांक टाकून, आणि पान कपाटात ठेवलं. दोन आठवड्यांनी बायको म्हणते, ‘अहो, हे पोरीच्या डिक्टेशनचे शब्द इथं कशाला ठेवलेत, पास झाली ती.’ फेकणारच होती. त्या रात्री तिला सगळं समजावून सांगितलं तर तिनं पहिला प्रश्न काय विचारला, ‘आणि तुम्हाला काही झालं तर मी हे कुठं नेऊन दाखवायचं?’ खरं सांगतो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे, एक पान लिहून ठेवलंय, कुठलं वॉलेट, शब्द कसे टाकायचे, कुणालाही फोनवर सांगायचे नाहीत. पण हा प्रश्न तुमच्या कुठल्याच ॲपनं विचारला नाही, तिनं विचारला.

पहिल्यांदा काढले तेव्हाची चाळीस मिनिटं विसरणार नाही. पत्ता म्हणजे ती अगम्य अक्षरांची माळ, चिकटवली, पाठवा दाबलं, तुमच्याकडून शिल्लक गेली आणि वॉलेटमध्ये काहीच नाही. बिटकॉइनचा ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो, कधी दोन मिनिटांत तर कधी अर्धा तास नाही, हे मला माहीत नव्हतं, मी आपला फोन वर-खाली करतोय, वायफाय बंद-चालू करतोय. तिथं ‘ब्लॉकची वाट बघतोय, उशीर होऊ शकतो, घाबरू नका’ एवढं लिहिलं असतं तर माझं बीपी वाढलं नसतं. आणि काढायची फी! नेटवर्कची फी रक्कम किती त्यावर नसते, व्यवहार किती जागा घेतो आणि गर्दी किती आहे त्यावर असते, ते मान्य, पण त्यामुळे तुम्ही जी ठरावीक फी लावता ती मोठ्याला मुंगी चावल्यासारखी आणि माझ्यासारख्याला एका महिन्याच्या खरेदीचा लचका. म्हणून दर महिन्याला काढायचं नाही, साठवून एकदाच काढायचं, हे मी फी भरून शिकलो. घेतानाच सांगितलं असतं तर?

ज्याचे पैसे अडकले त्याचं सांगतो आता. त्याच्याकडे डॉलरला बांधलेलं स्टेबलकॉइन होतं, एका एक्सचेंजवरून दुसऱ्यावर न्यायचं होतं. मला फोन केला, मी म्हटलं सोपंय, तिकडचा डिपॉझिट पत्ता घे आणि इकडे चिकटव. नेटवर्क निवडा, म्हणजे कुठल्या ब्लॉकचेनवरून पाठवायचं ते, असा ड्रॉपडाउन आला, पाच-सहा नावं, प्रत्येकासमोर फी. साहजिक आहे, त्यानं सगळ्यात स्वस्त निवडलं, मीही हो म्हटलं. इथंच घात झाला. इथेरियम हे असंच एक नेटवर्क, त्याचा पत्ता शून्य आणि एक्सनं सुरू होतो, पुढं चाळीस अक्षरं-आकडे, आणि त्याच साच्याचा पत्ता आणखी कितीतरी नेटवर्कवर चालतो. म्हणजे पत्ता बरोबर दिसतो, ॲप काही अडवत नाही, पैसे जातात, एक्सप्लोररवर, म्हणजे सगळे व्यवहार उघड दाखवणाऱ्या साइटवर, हिरव्या अक्षरात ‘सक्सेस’ दिसतं, आणि पलीकडचं एक्सचेंज ते नेटवर्क घेतच नसल्यामुळे त्याच्या खात्यात जमा काहीच होत नाही. स्वतःच्या वॉलेटवर पाठवले असते तर तिथं ते नेटवर्क जोडून बहुतेक दिसले असते कारण चावी त्याची. इथं चावी एक्सचेंजची. तो मला लिंक उघडून दाखवत होता, ‘हे बघ, इथं पडलेत, आत्तासुद्धा पडलेत’, आणि खरंच पडले होते, अख्ख्या जगाला दिसत होते, फक्त उचलायला कुणी नव्हतं.

सपोर्टला लिहिलं तर बॉट. बॉट म्हणे खालीलपैकी पर्याय निवडा, पर्यायांत आमची अडचण नाही. तिकीट काढलं, उत्तर आलं, ‘आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.’ आणि इथं पुढचा धोका सुरू होतो जो तुम्हाला पक्का माहीत आहे. माणूस घाबरलेला असतो, तुमच्याकडे फोन नंबर नाही, तो नेटवर ‘हेल्पलाइन’ शोधतो आणि नंबर सापडतो. तुमचा लोगो, गोड आवाज, ‘सर, वॉलेट व्हेरिफाय करायला लागेल, बारा शब्द सांगा.’ नाहीतर ‘अडकलेले पैसे सोडवून देतो, आधी टॅक्स भरा.’ याला दोन दिवसांत असे तीन मेसेज आले, कुठल्यातरी ग्रुपवर मदत मागितली होती एवढंच निमित्त. शब्द सांगण्याआधी त्यानं मला फोन केला म्हणून वाचला. तुमच्या खऱ्या माणसाचा आवाज ऐकू येत नाही तोवर खोट्याचा धंदा चालणारच की.

यातलं बरंचसं एका साध्या सवयीनं टळतं, आधी चिमूटभर पाठवायचं, पोचलं की मग बाकीचं, आणि पत्ता पहिली चार-शेवटची चार अक्षरं बघून सोडायचा नाही, मधलीही बघायची. कारण आता फसवणारे मुद्दाम पुढून-मागून तसाच दिसणारा पत्ता तयार करून त्यावरून शून्य रकमेचा व्यवहार पाठवतात, तुम्ही पुढच्या वेळी हिस्टरीतून कॉपी करताना चुकून त्यांचा उचलावा म्हणून. मग पहिल्यांदा पैसे काढणाऱ्याला तुम्हीच का नाही म्हणत, ‘आधी थोडेसे पाठवून बघताय का? या पहिल्या वेळची फी आमच्याकडून माफ.’ फार तर काय खर्च येईल तुम्हाला, त्या रंगीत कागदाच्या ॲनिमेशनपेक्षा जास्त नाही. आणि नेटवर्कची यादी दाखवताना फी ठळक आणि ‘पलीकडचा हे नेटवर्क घेतो का ते आधी बघा’ बारीक, हे उलटं करा. काही नाण्यांना पत्त्याबरोबर मेमो किंवा टॅग, म्हणजे पैसे कुणाच्या खात्यात टाकायचे ते सांगणारा आकडा, लागतो, तो रिकामा ठेवून पुढं जाऊच देऊ नका, नको असेल तर माणसाला स्वतः ‘नको’ दाबू द्या. लॉगिनसाठी एसएमएसचा ओटीपी आपोआप चालू असतो आणि ऑथेंटिकेटर ॲप सेटिंगच्या तळाशी, ग्राहकाच्याच नंबरचं दुसरं सिम काढून खाती रिकामी केल्याचे किस्से तुमच्याकडे आमच्यापेक्षा जास्त असतील, तरी तसंच. फ्युचर्सची टॅब निदान सुरुवातीचे काही महिने दिसलीच नाही तरी माझं काही अडणार नाही, तुमचं अडेल हे कळतं मला.

अडकलेल्या पैशांचं पुढं काय झालं विचाराल तर पाचव्या महिन्यात थोडी फी कापून परत आले. म्हणजे करता येत होतं. तो आता काही घेत नाही, मी अजून घेतो, आणि डबा खाताना तो माझ्याकडे बघून नुसता हसतो.

शेवटचं एक काम आहे तेवढं कराल का. तुमच्यापैकी एकाकडे माझं जुनं खातं आहे, त्यात अगदी किरकोळ सातोशी उरलेत. काढायला गेलो तर किमान मर्यादेपेक्षा कमी. विकायला गेलो तरी किमान मर्यादेपेक्षा कमी. खातं बंद करायला गेलो तर म्हणतंय आधी शिल्लक शून्य करा. आणि खाली उपाय सुचवलाय, आणखी थोडं विकत घ्या. बटण तेच, मोठं, हिरवं.

कळावे,
पॉइंटनंतरच्या शून्यांपलीकडचा एक ग्राहक